वशिंडातली सूर्यकेतू नाडी आणि काकीची तांबू

मे महिन्यात दुपारी दीड वाजता चुलतभावाचा फोन आला, तांबू जीभ बाहेर काढून धापा टाकतेय. गेलो. सड्यावरच्या उघड्या कातळावर हातभर दाव्याने बांधलेली गाय, जवळ पाण्याचा थेंब नाही. थर्मामीटर लावला तर १०५ फॅरनहाइट. गाईचं नेहमीचं १०१.५ च्या आसपास असतं. फणसाखाली आणली, अंगावर घागरी ओतल्या, तेव्हा कुठे तासाभराने सावरली. हिला उन्हात कोणी बांधलं, असं विचारलं तर काकी म्हणाली, "मीच बांधलंय. ऊन लागल्याशिवाय सोना कसा होतला, झिला?" आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. देशी गाईच्या वशिंडात 'सूर्यकेतू नाडी' असते. ती सूर्यकिरण ओढून रक्तात स्वर्णक्षार बनवते, म्हणून गाईचं दूध-तूप पिवळं. वशिंडावरून हात फिरवला की रक्तदाब उतरतो. गाय श्वासातून ऑक्सिजन सोडते. जर्सीला वशिंड नाही, म्हणून तिचं दूध विष. शेवटी 'हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे'. कुठल्या शास्त्रज्ञांनी, ते नाही.

आधी नाडीचं बघू. नाडी म्हणजे नक्की काय म्हणायचंय? शीर, मज्जातंतू, की दोरीसारखा बंध? मेसेज सांगत नाही, आणि यातलं काहीही म्हणा, कापल्यावर ते दिसायला हवं. वशिंड हा मुख्यतः एक स्नायू आहे, रॉम्बॉइडियस नावाचा. मान आणि पाठीच्या मणक्यांपासून निघून तो खांद्याच्या पात्याला जोडलेला असतो. जर्सीलाही तो असतो, फक्त चपटा. आपल्या गुरांमध्ये तो वाढून वर येतो आणि त्याच्या धाग्यांत चरबी भरते. मान्य आहे, परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आम्हाला विच्छेदनाला रेडकू मिळायचं, आणि त्याला वशिंड नसतं. पण पुढे नोकरीत मेलेल्या बैलांची शवविच्छेदनं केली. सुरी घातली की लाल मांस, मध्ये पांढरट चरबीच्या रेघा, नेहमीच्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. त्याचा तुकडा काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आडव्या पट्ट्यांचे स्नायूतंतू दिसतात आणि मधूनमधून रिकामी वर्तुळं. ती चरबीच्या पेशींची, तुकडा तयार करताना चरबी विरघळून जाते. संपलं वशिंड.

कापायला नको असेल तर सोनोग्राफीचा प्रोब ठेवा. काळसर स्नायू आणि त्यात तिरप्या पांढऱ्या रेघा दिसतील. धातू असता तर लपला नसता. गाईने चाऱ्यातून गिळलेला खिळा किंवा तार एक्स-रेत कशी पांढरीफेक उमटते ते आम्ही बघतो, आणि सोनं तर लोखंडापेक्षा दुपटीहून जड. क्षार सूक्ष्म असतात, दिसणार नाहीत, असं कोणी म्हणेल. ठीक आहे, पण नाडी तरी दिसेल ना? जगभरच्या पशुशरीररचनेच्या तज्ज्ञांनी पाळीव जनावरांच्या अवयवांच्या नावांची एक अधिकृत यादी केली आहे, 'नॉमिना अ‍ॅनाटोमिका व्हेटेरिनारिया'. ती पहिल्यांदा १९६८ मध्ये निघाली. तीत बारीकसारीक शिरांनाही नाव आहे. सूर्यकेतू नाही.

आता पिवळेपणा, ज्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. काकीला मी एवढंच विचारलं, तूप जास्त पिवळं कधी निघतं, मे महिन्यात की श्रावणात? ती म्हणाली, श्रावणात, ह्यात काय विचारूचा! बरोबर. मे महिन्यात कातळ तापून पाय भाजतात, तेव्हा गाय सुका पेंढा खाते आणि लोणी फिकट येतं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सडाभर हिरवं गवत असतं आणि लोणी हळदीसारखं येतं. सोनं सूर्याचं असतं तर उलटं व्हायला हवं होतं. तो रंग हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीन नावाच्या पिवळ्या द्रव्याचा. म्हैस त्याचं जवळजवळ सगळं 'अ' जीवनसत्त्वात बदलते, म्हणून तिचं दूध पांढरं. गाय थोडं तसंच दुधात उतरवते. आणि पिवळ्या दुधासाठी जगात नावाजलेल्या जाती कोणत्या? जर्सी आणि गर्न्सी. दोघींना वशिंड नाही.

बाकी, किरणांपासून सोनं खुद्द सूर्यालाही करता येत नाही. तो हायड्रोजनचा हेलियम करतो.

२०१६ मध्ये जुनागढच्या कृषी विद्यापीठातून बातमी आली होती, गीर गाईच्या मूत्रात लिटरमागे ३ ते १० मिलिग्रॅम सोनं सापडलं. बातमी खरी, छापून आली होती. पण हिशेब करा. दिवसाला दहा लिटर मूत्र आणि लिटरला १० मिलिग्रॅम धरलं तर दहा दिवसांत एक ग्रॅम सोनं. दहा गाई असलेला शेतकरी दिवसाला एक ग्रॅम काढेल. मग सौराष्ट्रातले गोपालक अजून दुधाच्या दरासाठी का भांडतात? आणि समजा कण सापडलेच, तरी ते चाऱ्यापाण्यातून आले असणार, वशिंडातून नाही.

ऑक्सिजन: आपणही सोडतो. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के असतो, तो सगळा वापरला जात नाही, उरलेला बाहेर येतो. गाईच्या बाबतीत वर ढेकरेतून मिथेन.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. उन्हाने जनावराच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व बनतं, आणि आपली गाय ऊन जर्सीपेक्षा खरंच जास्त सोसते. पण ते कातडीमुळे. घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि वरच्या थरात, केस आखूड, गळ्याची पोळी लोंबती, म्हणून उष्णता बाहेर टाकायला जागा जास्त. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तिथे हीही सोय तोकडी पडते. सोसते म्हणजे बांधून ठेवावी असं नाही. मोकळी असती तर तांबू स्वतःच झाडाखाली गेली असती.

निघताना कळलं की काकी वशिंडावर रोज हात फिरवते आणि महिनाभर रक्तदाबाची गोळी अर्धीच घेते. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. शांत जनावराजवळ बसलं की माणूस निवतो हे खरं, कुत्र्याजवळही निवतो. पण म्हणून गोळी मोडायची? दुसऱ्या दिवशी तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेली.

संध्याकाळी तिला म्हटलं, गाईची नाडी बघायचीच आहे ना, मग ये. शेपूट उचलून मुळाजवळ खालच्या बाजूला बोट ठेवायला लावलं. बराच वेळ काही लागेना, मग एकदम म्हणाली, "गावली!" घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला ६८.