आधी झुंबर, मग हिरवळ

दीडशेक एकर जमीन हाताशी असेल, तिच्यावर अठरा होलचा (म्हणजे अठरा टप्प्यांचा, प्रत्येकाच्या शेवटी चेंडू घालायचं भोक) गोल्फ कोर्स काढायचं मनात असेल आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नसेल, तर माझं ऐका. सुरुवात छपरापासून करा. गवताचं काय, ते उगवतंच.

हे ज्ञान मला गेल्या रविवारी झालं. आमच्या कोर्सवर सातव्या होलच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, मी घोटाभर चिखलात उभा होतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. बंकरखालची नळी तीन वर्षांपूर्वी तुंबली, ती अजून तुंबलेलीच आहे. नियमांच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘तात्पुरतं पाणी’ म्हणतात आणि बंकरच्या आतच दुसरीकडे चेंडू टाकायची फुकट मुभा देतात. आमच्याकडे दुसरीकडेही पाणीच होतं. बंकरबाहेर यायचं तर एका फटक्याचा दंड. मी मुकाट्याने दंड घेतला आणि मान वर केली, तर झाडांच्या शेंड्यांवरून नव्या क्लबहाउसचा, म्हणजे सभासदांच्या इमारतीचा, घुमट चमकत होता. तांब्याचा आहे म्हणे.

त्या क्षणी लक्षात आलं की आपण इतकी वर्षं उगाच खेळत बसलो. मुख्य गोष्ट तिकडे वर होती.

तर सल्ले. सगळ्यात आधी जागा. तुमच्या जमिनीतला सगळ्यात उंच, सगळ्यात देखणा तुकडा शोधा. जिथे उभं राहिल्यावर कुणाही खेळाडूच्या तोंडून ‘इथे काय होल होईल!’ असं निघेल, नेमका तोच. त्यावर क्लबहाउस बांधा. उरलेल्या जागेत अठरा होल कोंबायचं काम आर्किटेक्टचं. त्याने कुरकुर केली तर दोन होल पार्किंगच्या कडेने वळवायला सांगा. पूर्वी कोर्स जमीन नेईल तिकडे जायचा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सरळ बाहेर जातो आणि तसाच परत येतो, मध्ये कुठे इमारतीला प्रदक्षिणा घालत नाही. तुमचा नववा होल मात्र क्लबहाउसच्या दारातच संपला पाहिजे. नऊ होल खेळून झालेल्या माणसाला टोपी विकत घ्यावीशी वाटते, असं या धंद्यातले जाणकार सांगतात.

आरसे भरपूर लावा.

इतिहासाच्या नादी अजिबात लागू नका. इतिहास या बाबतीत फार नतद्रष्ट आहे. गोल्फचे सगळ्यात जुने लेखी नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. मोजून तेरा. चेंडूला माणूस, घोडा किंवा कुत्रा आडवा आला तर काय करायचं ते त्यांत आहे. चेंडूपाशी पडलेली हाडं उचलायची की नाही तेही आहे. इमारतीविषयी अवाक्षर नाही. हे नियम करणारी मंडळी मद्यालयात जमायची आणि उघड्यावर खेळायची. त्यांनाही पुढे सुबुद्धी झाली आणि १७६८ साली त्यांनी स्वतःच्या वास्तूची पायाभरणी केली, हे खरं. तिचं पुढे काय झालं ते विचारू नका. (विचारलंतच म्हणून सांगतो: क्लब पैशाच्या अडचणीत आला, वास्तू विकावी लागली आणि १८३६ साली मंडळी मसलबराच्या मैदानावर खेळायला निघून गेली. इमारत गेली, क्लब आजही आहे. पण ही गोष्ट बांधकाम समितीपुढे काढायची नसते.) आज सगळं जग बघतं ती ओपन स्पर्धा १८६० साली प्रेस्टविकला पहिल्यांदा झाली, तेव्हा खेळाडू आठ होते आणि होल बारा. तीन फेऱ्या एका दिवसात आटोपल्या. आठांपैकी कुणी स्पा कुठे आहे म्हणून विचारल्याचं ऐकिवात नाही.

‘अहो, पण सेंट अँड्र्यूज?’ असं कमिटीतला एकजण म्हणणारच. मोबाइलवर फोटोही दाखवेल. पहिल्या टीमागची (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) ती दगडी इमारत १८५४ सालची आहे आणि देखणी आहे, वादच नाही. पण ती एका क्लबची आहे आणि कोर्स त्या क्लबचा नाहीच. कोर्स सार्वजनिक आहे, एक ट्रस्ट तो सांभाळतो, आणि रविवारी एरवी खेळ बंद ठेवून लोक तिथे कुत्री फिरवतात. त्या इमारतीत पाऊल न टाकता माणूस जन्मभर तिथे खेळू शकतो. मग तो दुसरा फोटो काढेल, अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबचा. ते पांढरं क्लबहाउसही योगायोगाने १८५४ चंच, पण मुळात ते मळ्यावरचं राहतं घर. कोर्स झाला तेव्हा ते पाडून नवं बांधायचा बेत होता. पैसे नव्हते म्हणून राहिलं. गरिबीने वाचवलेली इमारत आहे ती. आमच्या क्लबकडे दुर्दैवाने पैसे होते.

लॉबीत कारंजं हवंच. बाराव्या ग्रीनचा (ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पंप तसाही नादुरुस्त आहे, तिथलं पाणी इकडे वळवता येईल.

प्रसाधनगृहं सगळी क्लबहाउसात ठेवा. कोर्सवर एकही नको. चौदाव्या होलवर, म्हणजे इमारतीपासून सगळ्यात लांब असताना, खेळाडूला निसर्गाची हाक आली तर निसर्ग समोर आहेच. आत मात्र अशी काही रचना करा की माणूस सापडता सापडू नये. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात. आमच्या क्लबहाउसात लॉकररूम शोधायला मला अकरा लागली, त्यात दोनदा मी स्वयंपाकघरात निघालो.

आता दाराबद्दल. हा सल्ला नीट वाचा, कारण क्लबहाउसची खरी उंची घुमटावरून ठरत नाही, दारात किती जणांना अडवलं यावरून ठरते.

त्याच रविवारी खेळ आटोपून मी दारात पोचलो. दारात एक तरुण उभा होता, इस्त्रीच्या कपड्यांत, अत्यंत नम्र. म्हणाला, ‘सर, शूज.’ मी खाली बघितलं. चिखल होता. म्हटलं, बाबा रे, बाहेर ब्रश ठेवलाय का, झाडतो. तर ब्रश काढून टाकलाय. ते हवेच्या झोताने बूट साफ करायचं यंत्र होतं, तेही काढलं, कारण दर्शनी भागात ते बरं दिसत नव्हतं. मागच्या दाराने येऊ का? मागचं दार मालवाहतुकीसाठी. मग बूट काढून मोज्यांवर येतो. मोज्यांवर आत जायला मनाई आहे, संगमरवरावर पाय घसरतो. म्हणजे बघा, गोल्फ खेळून आलेल्या माणसाने गोल्फचे बूट घालून गोल्फच्या क्लबहाउसात यायचं नाही, आणि बूट काढूनही यायचं नाही! मग यायचं कसं? उडत? आणि हा चिखल मी काय घरून आणला होता? तुमच्याच बंकरचा आहे, तुमच्याच तुंबलेल्या नळीचा आहे. तीन वर्षं लेखी तक्रारी देतोय, पोच घेतलेल्या प्रती माझ्याकडे आहेत. नळी मोकळी करायला माणसं नाहीत म्हणता, आणि दारात बूट बघायला माणूस आहे!

पोरावर राग नाही माझा. त्याला उभं केलंय, तो उभा आहे. त्याने हळूच मला एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली, बुटांवरून बांधायला. ती बांधून चरक चरक आवाज करत मी झुंबराखालून गेलो.

आणि पलीकडच्या काचेतून काय दिसावं? अठराव्या ग्रीनवर लग्नाचे फोटो चालले होते. वऱ्हाडातली निम्मी मंडळी टोकदार टाचांची पादत्राणं घालून. ते गवत तीन मिलिमीटरच्या आसपास कापतात हो! आमचे ग्राउंड स्टाफचे लोक पहाटे उजाडायच्या आधी येतात, दव झटकतात, रोज होलची जागा बदलतात, आमच्या चेंडूंनी पडलेले खड्डे एकेक करून वर उचलतात. त्यावर टाचांची भोकं. मऊ टोकांचे गोल्फचे बूट फरशीला चालत नाहीत आणि टाचा ग्रीनला चालतात! दुसऱ्या दिवशी मी त्या ग्रीनवर चार फुटांचा पट, म्हणजे भोकाकडे चेंडू घरंगळवायचा हलका फटका, मारला तर चेंडू दोनदा उडाला. होल सव्वाचार इंचांचा असतो, मधले सव्वा इंचाचे धरायचे नसतात ना?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. लग्नांच्या उत्पन्नावर कोर्स चालतो. कमिटी दर वर्षी हेच म्हणते. मग त्या उत्पन्नातून कोर्सवर काय झालं ते एकदा दाखवा. उत्पन्न येतं ते हॉलच्या वातानुकूलनाला जातं, हॉल मोठा म्हणून स्वयंपाकघर मोठं, ते मोठं म्हणून माणसं जास्त, माणसं जास्त म्हणून आणखी समारंभ, समारंभ जास्त म्हणून शनिवारी दुपारी पहिला टी बंद. पावसात खेळ बंद असो, थंडीत चार टाळकी खेळायला येवोत, छपराचा खर्च थांबत नाही.

वर्गणीवाढीचं पत्र जाड, चकचकीत कागदावर काढा. खेळाडूला निदान हाताला तरी गुळगुळीत काही लागलं पाहिजे.

खरं बांधकाम गोल्फ कोर्सवर असतंच, फक्त ते जमिनीखाली असतं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली ग्रीन कसं बांधावं याची पद्धत घालून दिली. तळाशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यावर चार इंच खडी, तिच्यावर बारा इंच वाळूचं मिश्रण आणि मग गवत. ती वाळू वरचं पाणी धरूनही ठेवते आणि जास्त झालं की सोडूनही देते. इतकं हुशार बांधकाम त्या घुमटात शोधून सापडायचं नाही. पण बारा इंच वाळूखाली गेलेल्या खडीची फीत कोण कापणार? नळीवर अध्यक्षांच्या नावाची पाटी कुठे लावणार? तुमची अडचण समजते मला.

आता पुरे झालं. उपरोध वगैरे आपल्याला झेपत नाही, सरळ बोलतो.

कमिटीतल्या सद्गृहस्थांनो, तुम्हाला क्लबहाउस नको होतं, तुम्हाला हॉटेल हवं होतं. ते काढायला हरकत नव्हती, आमच्या वर्गणीतून काढायला होती. अमेरिकेत नव्वदच्या दशकात घरं खपावीत म्हणून कोर्स बांधले आणि कोर्स भारी दिसावा म्हणून राजवाड्यांसारखी क्लबहाउसं. घरं विकून बिल्डर पुढे गेले, छपरं सभासदांच्या गळ्यात राहिली. २००६ पासून पुढे कित्येक वर्षं तिथे नव्याने उघडणाऱ्या कोर्सांपेक्षा बंद पडणारे जास्त होते. कारणं आणखीही होती, सगळं खापर झुंबरावर फोडत नाही. पण पैसे आटले की ग्रीनवरचा खर्च लगेच कापता येतो, इमारतीचा येत नाही, हे कळायला काय अमेरिकेला जायला हवं? नाकापेक्षा मोती जड झालाय आणि तुम्ही अजून मोतीच मोठा करताय!

त्याच अमेरिकेत, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये १९९५ साली सँड हिल्स नावाचा कोर्स झाला. लोक आडवाटेने कोसकोस प्रवास करून तिथे खेळायला जातात. क्लबहाउस पहिल्या टीपासून चांगलं मैलभर लांब ठेवलंय. टीपाशी काय आहे? एक पडवी. बसायला जागा आणि डोक्यावर सावली. बसलं की कोर्स दिसतो, बस.

आम्हाला काय लागतं हे कुणी कधी विचारलंच नाही, म्हणून न विचारता सांगतो. बूट बदलायला एक बाक. एक नळ. दोन प्रसाधनगृहं, त्यातलं एक चौदाव्यापाशी. वीज कडाडायला लागली की हातातल्या लोखंडी काठ्या टाकून पळता येईल असा आडोसा, तोही इमारतीपासून लांबच्या टोकाला, कारण तुमचा घुमट तिथून दिसतो पण तिथवर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. आणि खेळ संपल्यावर चौघांना स्कोअरकार्डावरून भांडायला एक टेबल, अठरावं ग्रीन दिसेल असं. एवढ्यासाठी घुमट लागत नाही.

काल दुसऱ्या टप्प्याचं पत्र आलं. वरच्या मजल्यावर ग्रंथालय, मद्यकक्षाचा विस्तार आणि लॉबीतल्या कारंज्याला दिवे. खाली बारीक अक्षरांत एक ओळ: सातव्या होलच्या बंकरचा विषय पुढील बैठकीत. ही ओळ मी गेल्या तीन वर्षांत पाच पत्रांत वाचली आहे.

माझे बूट तसेच ठेवलेत, पिशवीसकट. त्यांच्यावरचा चिखल आता वाळलाय. पुढच्या बैठकीला ते मी टेबलावर ठेवणार आहे.