‘बोस्तेरोस’ राहिलंच की!
लेखात अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबच्या निळ्या-पिवळ्या जर्सीमागची स्वीडिश जहाजाच्या झेंड्याची गोष्ट मस्त रंगवलीय, पण बोकावाल्यांच्या ‘बोस्तेरोस’ या टोपणनावाचा उल्लेखच नाही! बोस्ता म्हणजे शेण. ब्युनोस आयर्सच्या ला बोका या बंदरवस्तीची टर उडवायला विरोधकांनी दिलेलं नाव. बोकाच्या पठ्ठ्या चाहत्यांनी तेच छाती फुगवून मिरवायला घेतलं. १९०५ साली क्लब काढणारी पोरं इटालियन घरांतली. वस्ती मुळात जेनोव्हाहून आलेल्यांची, म्हणून ‘सेनेइसेस’ म्हणजे जेनोव्हावाले हेही नाव. आणि गंमत बघा, ज्यांना ‘मिलिओनारिओस’ म्हणजे लखपती म्हणतात, ते बोकाचे कट्टर विरोधक रिव्हर प्लेटही १९०१ मध्ये याच गल्ल्यांत जन्मलं. पुढे उत्तरेकडे श्रीमंत भागात सरकलं, झालं. बाकी बोकाच्या बोम्बोनेरा स्टेडियमचा तो एका बाजूचा सरळ उभा स्टँड? जागाच पुरली नाही हो, म्हणून तसा.