‘घूं घूं’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रात्रीच्या ‘घूं घूं’ आवाजाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: सगळ्या घरात एकालाच ऐकू येतो तो आवाज नसतो, भ्रम असतो, मोबाईलच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपवर काहीच दिसलं नाही, आणि असं लिहून मी खेड्यातल्या बाहेरबाधावाल्यांचं दुकान चालवतो. शेवटी जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत, की गावाकडे आईही हीच तक्रार करतात आणि तुम्ही त्यांना झोपेची गोळी सुरू केली. मला खरं बोलायचंय ते या गोळीबद्दल. पण आधी अ‍ॅप.

अ‍ॅप दाखवतं ते बहुधा ‘डीबीए’, म्हणजे माणसाच्या कानाला धरून बेतलेलं डेसिबलचं माप. या मापात खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरतात: १०० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १०० कंपनांना) सुमारे १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला ३०. त्यात फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. तेव्हा अ‍ॅपवर काही दिसलं नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एकालाच का ऐकू येतो? खालच्या पट्टीत माणसामाणसाच्या कानात बराच फरक असतो. शिवाय तिथे आवाज जरासा वाढला तरी कानाला एकदम मोठा वाटतो. म्हणून सुनेला काहीच नाही आणि सासूला डोकं उठेपर्यंत, हे एकाच खोलीत घडू शकतं. यात वेडेपणा कुठे आला?

आमच्या शेजारच्या काकूंचंच घ्या. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. ओसरीत त्यांना काही नाही, आतल्या खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवर पडलं की सुरू. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणतं-आकसतं, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. त्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर, म्हणजे आपल्याकडच्या अकरा फुटी खोलीएवढी. अशा खोलीत आवाज भिंतीपाशी चढतो आणि दोन पावलांवर उतरतो. काकू म्हणायच्या, “लाईन गेली का आवाज बी जाते, मंग झोप लागते.” घरात हसले सगळे. अर्धं निदान तर त्या वाक्यातच होतं! खाट सरकवली, तक्रार पुष्कळ कमी झाली.

त्यात हिवाळा. गहू-हरभऱ्याच्या पाण्याला रात्रीची थ्री फेज आली की शिवारभर मोटारी चालू. थंड हवा जमिनीलगत बसते, आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबवर येतो. दिवसा तोच आवाज गावाच्या गलक्यात बुडालेला असतो.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो, कारण ते खोटं नाही. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना हाच आवाज घरी, शेतात, पुण्याला मुलीकडे, सगळीकडे ऐकू यायचा. लाईन गेली की उलट वाढायचा. तो कानातला आवाज, त्याला कानाचाच डॉक्टर हवा.

जगातही दोन्ही प्रकार सापडलेत. अमेरिकेतल्या ताओसमध्ये १९९३ साली शास्त्रज्ञांनी यंत्रं लावली. ऐकणाऱ्यांनी आवाजाची पट्टी ३२ ते ८० हर्ट्झच्या दरम्यान जुळवून दाखवली, यंत्रांना बाहेर काही मिळालं नाही. पण अमेरिकेतल्याच कोकोमो गावात २००३ च्या तपासणीत दोन कारखाने सापडले: एकाच्या कूलिंग टॉवरचा पंखा ३६ हर्ट्झवर, दुसऱ्याचा कॉम्प्रेसर १० हर्ट्झवर. आणि कॅनडातल्या विंडसरला २०११ पासून लोक ओरडत होते, नदीपलीकडच्या झग बेटावरचा पोलाद कारखाना २०२० साली थंडावला तेव्हा कुठे आवाज थांबला. या विंडसरवाल्यांनाही ‘भास होतात तुम्हाला’ म्हणणारे भेटले असतीलच.

बाहेरबाधेचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. “तुले भास होते” असं घरातले म्हणाले, की बाई अंगारेवाल्याकडे जाते, कारण तो निदान ऐकून तरी घेतो.

तेव्हा गोळी वाढवण्याआधी एवढं करा. रात्री आईंना न सांगता घराचा मेन स्विच पाडा आणि थोड्या वेळाने सहज विचारा. आवाज गेला तर फ्रिज, पंखा असं घरातलंच काही. राहिला तर गावाची लाईन जाईल त्या रात्रीची वाट पाहा. लाईनबरोबर गेला तर डीपी किंवा मोटारी. तेव्हाही राहिला, परगावीही राहिला, तर कानाच्या डॉक्टरकडे न्या. कधी कधी नुसता मळही निघतो. आणि हो, दोन्ही वेळा इन्व्हर्टर आधी बंद करा. लाईन गेली की तो स्वतःच घूं घूं करायला लागतो.