आधी तारा लागू द्या

व्हायोलिन वाजवता येणं वेगळं आणि ते लागलेलं असणं वेगळं. नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर मी ॲपलाचियन डोंगरातली जुनी फिडल, म्हणजे तिथल्या लोकसंगीतातलं व्हायोलिनच, शिकायला घेतली. तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य खुंट्या पिळण्यात चाललंय.

व्हायोलिनच्या तारा एरवी जाड तारेकडून बारीक तारेकडे जी-डी-ए-ई ह्या पाश्चात्त्य स्वरांत लावतात. ह्या डोंगरातल्या वादकांचं तेवढ्यावर भागलं नाही. ए-ई-ए-ई, ए-डी-ए-ई, जी-डी-जी-डी, ए-ई-ए-सी शार्प... धून बदलली की तारा बदला. ह्यात सोय अशी, की धून वाजवता वाजवता शेजारच्या मोकळ्या तारेवरूनही गज फिरवता येतो आणि सुरांची साथ फुकट मिळते. मागे तंबोरा धरायला शिष्य मिळेना, म्हणून त्यांनी तंबोरा फिडलमध्येच कोंबला, असं मी समजतो.

आता ए-ई-ए-ई लावायचं, म्हणजे खालच्या दोनच तारा एकेक स्वर चढवायच्या. ऐकायला सोपं आहे. त्या चढवल्या की घोडीवर भार येतो आणि वरच्या दोन उतरतात. वरच्या सावरेपर्यंत खालच्या रुसतात. उन्हाळ्याच्या दमटपणात खुंट्या फुगून हलत नाहीत, हिवाळ्यात हीटर लागला की आकसतात आणि ऐन रंगात तार भस्सकन सैल पडते.

"पाच मिनिटांत जेवायला येतो म्हणाला होतास," बायको दारातून.

"आलोच. ई तेवढी लागत नाहीये."

"मघाशी पण ईच लागत नव्हती."

बरं, लागल्यावर तरी सुख? ए-ई-ए-ईमध्ये खालच्या जोडीवर तीच बोटं ठेवली की वरच्याच जोडीचे स्वर सप्तकभर खाली निघतात. बोटांना ही चैन लगेच अंगवळणी पडते. मग जी-डी-ए-ईवर परतलो की खालच्या तारांवरची सगळी बोटं एकेक स्वर चुकतात.

म्हणूनच चारचौघात बसून वाजवताना इथे एक अलिखित कायदा आहे: एकदा ए पट्टीत बसलं की ए पट्टीतच राहायचं. वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपला १९९० पासून मोठा मेळा भरतो, तिथे तंबूतंबूंत रात्र रात्र हेच चालतं. एखादा नवखा "आता डीमधली एक घेऊ या का?" म्हणाला, की बँजोवाला त्याच्याकडे असं बघतो, जणू त्याने घराची वाटणी मागितली.

इथले नावाजलेले फिडलवादक टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) ह्यांच्या घरी लांबलांबून पोरं येऊन राहायची आणि समोर बसून शिकायची. ती भाग्यवान. आमच्या वाट्याला रेकॉर्डिंग. जुनी टेप कधी जलद चालते, कधी मंद. सूर ए आणि बी फ्लॅटच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. मग कोणती मोकळी तार घुमतेय ते हेरून तारा कशा लावल्या असतील ह्याचा तपास करायचा. केंटकीचे फिडलवादक विल्यम स्टेप ह्यांनी १९३७ साली लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सपुढे 'बोनापार्ट्स रिट्रीट' वाजवली ती डी-डी-ए-डी लावून. संगीतकार कोपलंडने ती उचलून 'रोडिओ' ह्या बॅलेत सबंध ऑर्केस्ट्राला दिली. माझ्या फिडलवर मात्र खालची तार डीपर्यंत उतरवली की ती वाजण्याऐवजी नुसती लुळी पडते.

शेवटी एक धून पुण्याला माझ्या व्हायोलिनच्या सरांना पाठवली, तारा कशा लावल्या ते लिहून. लगेच फोन.

"अरे, हे तर सा-प-सा-प! दक्षिणेत रोज असंच लावतात. त्यात एवढं काय?"

"काही नाही सर. धून कशी वाटली?"

"गोड आहे. पण दोन ओळींत संपली की. पुढे आलाप वगैरे?"

"नाही सर. त्याच दोन ओळी दहा मिनिटं."

"ताना?"

"नाहीत."

"मग तू म्हणतोस तशी रात्र रात्र जाते कशात?"

"तारा लावण्यात, सर."