लाल झालेली त्वचा चोळू नका

"बेडसोअर आणि जखमेच्या काळजीचे सहा सुवर्णनियम" असा एक मेसेज नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. (बेडसोअर म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाच्या जागी होणारी जखम.) माझी भाची पहिल्या वर्षाला आहे. तिने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे पाठ केलं तर चालेल ना?" चालणार नाही. परीक्षेतले दोन-चार मार्क गेले तर जाऊ देत, पण हीच मुलं उद्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला हात लावणार आहेत.

पहिलाच नियम सर्वांत घातक आहे: "माकडहाडावर, ढुंगणावर किंवा टाचेवर लाली दिसली की स्पिरिट किंवा तेल लावून जोरात मालिश करावी, रक्तपुरवठा वाढतो."

लाली दिसली की आधी बोटाने हलकेच दाबायचं आणि बोट उचलून बघायचं. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली, तर खालच्या केशवाहिन्यांत, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांत, रक्त अजून नीट फिरतं आहे. दाब काढला की अशी लाली बहुधा ओसरते. दाबूनही रंग हलला नाही, तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोअर आहे, त्वचा वरून कितीही अखंड दिसली तरी. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं आणि हाडाला लागून असलेल्या खोल थरांवरचा ताण सर्वांत जास्त असतो. म्हणून पुष्कळदा आत नासाडी झालेली असते आणि वर फक्त डाग दिसतो. अशा जागी जोरात चोळणं म्हणजे आधीच फुटायला आलेल्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःच्या हाताने फोडणं. स्पिरिटने त्वचा आणखी कोरडी पडते, ते वेगळंच.

हे माझं वैयक्तिक मत नाही. युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून 2014 मध्ये काढलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की धोका असलेल्या त्वचेला मालिश करू नये, ती जोरात चोळू नये, आणि शक्य असेल तर लाल झालेल्या बाजूवर रुग्णाला झोपवूही नये. पाठीला मालिश हा एके काळी नर्सिंगचा रोजचा भाग होता आणि जुन्या पुस्तकांत तो सापडेल, हे मान्य. कोरड्या त्वचेला मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावायलाही हरकत नाही. पण लाल जागेवर करायची गोष्ट एकच: तिथला दाब काढायचा आणि चार्टवर लिहायचं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळीच नाही, ती इथे सांगते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताने तपासावं लागतं: जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड आहे का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, रुग्णाला तिथे दुखतं का. "लाल दिसली तर" एवढंच पाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेतून असे कितीतरी रुग्ण निसटतील.

दुसरा नियम: "जखम उघडी ठेवा, हवेने सुकून खपली धरली की लवकर भरते." संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरचे प्रयोग 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केले. झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे: नव्या पेशींना ओल्या पृष्ठभागावरून सरकता येतं, खपली आली की त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते. या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली आणि आपण अजून "सुकू दे" म्हणतो! अर्धसत्य एवढंच, की ओलसर म्हणजे चिंब नव्हे. स्राव वाहून कडेची त्वचा पांढरी, भिजल्यासारखी झाली तर ड्रेसिंग चुकलं आहे. आणि टाचेवरचं काळं, कोरडं, घट्ट चिकटलेलं कवच, ज्याच्या भोवती सूज, लाली किंवा पू नाही, ते कोरडंच ठेवतात, सोलत नाहीत.

तिसरा नियम हायड्रोजन पेरॉक्साइडचा: "फेस आला म्हणजे जंतू मरताहेत." फेस येतो तो रक्तात आणि पेशींत असलेल्या कॅटलेज या विकरामुळे. स्वच्छ जखमेवरही तो येणारच. जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही हे औषध मारतं, आणि खोल, बंदिस्त पोकळीत ओतल्यावर त्यातून सुटलेला वायू रक्तात शिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. साध्या जखमेला नॉर्मल सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, पुरतं.

चौथा: बसायला मधे भोक असलेली गोल उशी. नको. कडेच्या कड्यावर दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. वरची मार्गदर्शक तत्त्वं तीही टाळायलाच सांगतात.

पाचवा, "दर दोन तासांनी कूस बदला," यात तथ्य आहे आणि कूस बदलणं कोणी सोडू नये. पण दोन तास हा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. रुग्ण स्वतः किती हलतो, त्वचा कशी आहे, गादी कोणती आहे, यावर अंतर ठरतं. काहींची त्वचा दोन तासांच्या आतच लाल पडते. शिवाय वळवायचं कसं, यावर मेसेज गप्प आहे. पूर्ण आडव्या कुशीवर टाकलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून साधारण 30 अंशांचा कल देतात. डोक्याकडची बाजू फार उचलली की माणूस खाली घसरतो; कातडी चादरीला धरून राहते, हाड पुढे सरकतं आणि मधले थर ताणले जातात. वर ओढून घेतानाही तेच होतं. म्हणून दोघींनी मिळून, चादरीच्या मदतीने उचलून सरकवायचं, फरफटवायचं नाही.

सहावा: "जखमेत पिवळं दिसलं की पू, लगेच अँटिबायोटिक." पिवळा, चिकट थर बहुतेक वेळा स्लफ असतो, म्हणजे मेलेल्या पेशींचा साका. संसर्ग ओळखायचा तो वाढत्या वेदनेवरून, पसरणाऱ्या लालीवरून, उष्णतेवरून, सुजेवरून, दुर्गंधीवरून, तापावरून. वयस्कर किंवा मधुमेही रुग्णात यातली बरीच लक्षणं दबलेली असतात. तिथे भरत आलेली जखम अचानक थांबली, एवढ्यावरूनही डॉक्टरांना बोलवायचं.