अजिंठा सोमवारीच पाहावा

ऐतिहासिक शहर बघायला निघालात? छान. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपण जे करणार आहोत त्याला ‘पाहणं’ म्हणत नाहीत, ‘कव्हर करणं’ म्हणतात. पाहणाऱ्याला वेळ लागतो. कव्हर करणाऱ्याला टेम्पो ट्रॅव्हलर लागते.

हे ज्ञान मला गेल्याच आठवड्यात झालं. पुण्याहून संभाजीनगर, चौदा माणसं, रविवार-सोमवार, अकरा पॉइंट. नियोजन भावजींचं. भावजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान, घरातले थोरले जावई. त्यामुळे त्यांच्या नियोजनात चूक असू शकते ही कल्पनाच आमच्याकडे कोणाला सुचत नाही, आणि सुचलीच तर आई नुसत्या डोळ्यांनी गप्प करते. तेव्हा जे तिथे बोलता आलं नाही ते इथे तुम्हाला सांगतो. भावजींची पद्धत जशीच्या तशी उचला. तुमचीही सहल अशीच जन्मभर लक्षात राहील.

सर्वांत आधी एक्सेल शीट करा. त्यात प्रत्येक पॉइंटसमोर मिनिटं लिहा. देवगिरी किल्ला ४० मिनिटं, वेरूळ ४५ मिनिटं, खरेदी १५ मिनिटं. दोन पॉइंटच्या मधल्या प्रवासाला रकाना ठेवू नका, उगाच शीट लांबते.

निघायची वेळ पहाटे चारची ठेवा. चार म्हटलं की साडेपाचला पहिला माणूस उतरतो, सहाला गाडी येते आणि सव्वासहाला कोणाला तरी आठवतं की गॅसचा कॉक बंद केला का ते बघायचं राहिलं. सात वाजता चाकं हलली तरी वेळापत्रक चारचंच धरून चालायचं. गेलेले तीन तास दिवसातून वजा करायचे नाहीत, पॉइंटांमधून करायचे. मिसळीच्या थांब्यातून मात्र एक मिनिटही वजा होता कामा नये.

अंतराची काळजी सोडा. लहानपणापासून आपण ‘अजिंठा-वेरूळ’ असं एका दमात म्हणत आलोय, त्यामुळे ही दोन गावं एकाच फाट्यावर डाव्या-उजव्या हाताला असणार असं समजायला हरकत नाही. वेरूळ शहरापासून तीस किलोमीटर आणि अजिंठा शंभर, तेही वेगळ्या रस्त्याला, असल्या बारीकसारीक गोष्टी गूगलवर दिसतात. पण गूगलला काय कळतं? अजिंठ्याला नेणाऱ्या सिल्लोडच्या रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको.

देवगिरी ऊर्फ दौलताबाद भर दुपारी बाराला चढावा. इथे थोडा इतिहासही सांगता येतो. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे हलवायचं ठरवलं, लोकांना इतक्या लांब चालवत आणलं आणि काही वर्षांनी ‘चला परत’ म्हणाला. भावजींनी ही गोष्ट गाडीत माईकवरून फार रंगवून सांगितली. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, पण का ते कोणाला कळलं नाही.

हा किल्ला घाईघाईत उरकायचा असेल तर त्याच्यासारखा दुसरा किल्ला नाही, कारण तो मुळात घाईत आलेल्या माणसाला अडवण्यासाठीच बांधलाय. एकामागून एक तटबंद्या, चहूबाजूंनी तासून उभा केलेला कडा, खंदक, आणि मग ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, जिच्या वळणांत शत्रू चाचपडत राहावा. आमच्या मंडळींनी अंधारीत वटवाघळांच्या अंगावर मोबाईलचे दिवे मारले, दोन रील केल्या आणि वर न जाताच खाली आली. पस्तीस मिनिटं. शीटमधली पाच वाचली! आई वयाच्या बहात्तराव्या वर्षी चढणार नव्हतीच. ती खाली गाडीत बसली होती. एसी बंद, कारण उभ्या गाडीत एसी लावला की डिझेल जळतं.

भिंतीवर नाव कोरणार असाल तर तारीखही टाका. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या साहेबानं टाकलीय, २८ एप्रिल १८१९. दोनशे वर्षं उलटली तरी लोक त्याला ओळखतात. तुमच्या ‘राहुल बदाम पूजा’चं काय होईल ते सांगता येत नाही.

फोटो मात्र भरपूर काढा. पाहायचं ते घरी जाऊन फोटोत पाहता येतं. मेजर रॉबर्ट गिल नावाचा एक खुळा अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत १८४४पासून जवळजवळ वीस वर्षं तिथल्या डोंगरात राहिला, आणि त्यातल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तुमच्या फोटोंना असली भीती नाही. ते कोणी पुन्हा उघडतच नाही.

खुलताबाद धावत्या गाडीतून करावं. भद्रा मारुतीला काचेतून हात जोडले की झालं.

आता वेरूळ. इथे नीट लक्ष द्या, कारण इथेच बहुतेकांचं नियोजन कोसळतं. लेणी चौतीस. पहिली बारा बौद्ध, मग तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन. बौद्धांतलं दहावं, सुताराची झोपडी म्हणतात ते, त्याचं छत दगडात कोरलेलं असूनही लाकडी वाशांचं वाटतं. जैनांतली इंद्रसभा पार उत्तरेच्या टोकाला, तिकडे जायला वेगळं निघावं लागतं. हे सगळं पाहायला पूर्ण दिवस लागेल अशी शंका एखाद्या भित्र्या माणसाला येऊ शकते. भावजींना आली नाही. ते म्हणाले, ‘सोळा नंबर बघायचं, बाकी सगळी सारखीच असतात.’ आणि सोळा नंबरला किती वेळ? अडीच वाजता पुढच्या ढाब्यावर चौदा थाळ्या सांगून ठेवल्या होत्या. आम्ही सोळा नंबरच्या, म्हणजे कैलास देवळाच्या, दारातून आत गेलो तेव्हा एक पन्नास झाले होते. बाहेर आलो तेव्हा दोन बारा.

बावीस मिनिटं. त्यातली आठ ग्रुप फोटोत गेली, कारण चौदाव्या माणसाला कोणीतरी फोटो काढणारा मिळेपर्यंत सगळे हत्तीपाशी उन्हात उभे. उरली चौदा. चौदा मिनिटांत कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूटांचा पहिला कृष्ण राजा गादीवर असताना लोकांनी डोंगर वरून खाली फोडत आणला. आधी शिखर, मग भिंती, मग खांब, सर्वांत शेवटी पाया. घर बांधताना चुकलेली वीट काढून दुसरी लावता येते, इथे चुकलेला घाव भरून काढायची सोय नव्हती. उपसलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असावा असा एक अंदाज आहे. हे मी कोणाला सांगत होतो माहितीये? माझ्या भाच्याला. तो ऐकत होता बिचारा, त्याला रावण कैलास हलवतोय ते शिल्प सापडलं होतं, आणि तो विचारत होता की मामा, पार्वती घाबरलीय पण शंकर नुसत्या पायाच्या अंगठ्यानं का दाबतोय? दहा वर्षांचं पोर, कोणी न सांगता नेमकं त्या अंगठ्यापाशी थांबलं होतं! आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. हो, शिट्टी. भावजींनी खास शिट्टी आणली होती, ग्रुप गोळा करायला. कैलासच्या अंगणात ती कशी घुमली असेल याची कल्पना करा. दगडातल्या हत्तींनीसुद्धा मान वळवली असेल. ‘चला चला, थाळ्या गार होतील!’

एका बाजूच्या भिंतीवर अख्खं रामायण, दुसरीवर महाभारत, पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेलं. कोणी वाचलं? मागच्या ओवऱ्यांत कोण गेलं? कोणी नाही.

बडोद्याला एक ताम्रपट सापडलाय, इसवी सन ८१२च्या सुमाराचा, राष्ट्रकूट कर्क राजाचा. त्यात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, असं तो म्हणतो. देवांचं सोडा, ताम्रपटांत देव थक्क होतातच. पण पुढे म्हटलंय की ज्यानं ते घडवलं तो कारागीरही पाहून आश्चर्यात पडला, हे माझ्या हातून झालं तरी कसं म्हणून. करणाराच स्वतःच्या कामापुढे असा उभा राहिला होता. आणि आम्ही? आम्हाला पनीर गार होण्याची भीती!

(पनीर गारच होतं.)

घृष्णेश्वराच्या रांगेत रविवारी दोन तास द्यावेच लागतात. तिथे शिट्टी चालत नाही.

खरेदीला शीटमध्ये पंधरा मिनिटं होती. ड्रायव्हर म्हणाला, ‘ओळखीचं दुकान आहे साहेब, बघायला पैसे नाहीत.’ तेवढं पुरलं. गाद्यांवर बसलो, चहा आला, हिमरूच्या शाली, चादरी, मग ‘ओरिजिनल’ पैठण्या, मग त्याहून ओरिजिनल. एक तास चाळीस मिनिटं. कैलासच्या साडेचार पट. मी घड्याळ लावून मोजलंय.

बीबी का मकबरा अंधार पडल्यावर पाहावा आणि ‘ताजमहालाची सर नाही’ असं म्हणून परतावं. ज्यांनी ताजमहाल पाहिलेला नाही त्यांनी हे जरा ठासून म्हणावं.

पाणचक्की राहिली. शीटमध्ये टिक आहे.

आणि आता शेवटचा, हुकमी सल्ला. सहलीतलं सर्वांत मोठं ठिकाण सोमवारी ठेवा. सोमवारी गर्दी नसते. आमच्याही वाट्याला अजिबात गर्दी आली नाही. सकाळी सहाला उठून, सिल्लोडमार्गे हाडं मोजत आम्ही फर्दापूरच्या टी-पॉइंटला पोहोचलो. आपली गाडी तिथे लावायची आणि पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसनं जायचं असतं. बस नव्हती. तिकीटवाला नव्हता. एक कुत्रं होतं आणि एक चहावाला, जो आमच्याकडे रोजच्या सवयीनं बघत म्हणाला, ‘सोमवार आहे ना. बंद असतंय.’

अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. हे गुपित नाही. बोर्डावर आहे, मोबाईलवर आहे, कुठल्याही रिक्षावाल्याला पाठ आहे.

भावजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘ठीक आहे, बोर्डापाशी फोटो काढू या. म्हणजे झालंच.’ आणि खरोखर फोटो काढला. ग्रुपवर गेला. खाली लिहिलं, ‘अजिंठा डन’. अठरा अंगठे आले.

आमच्या घरात देवघराच्या शेजारी एक चित्र आहे. बँकेच्या कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवरचा अजिंठ्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व, आईनं कापून काचेत लावलेला. मी शाळेत जायच्या आधीपासून तो तिथे आहे. खाली वळलेली नजर, एका बाजूला झुकलेली मान, हातात कमळ. तिला तो एकदा खरा पाहायचा होता. बाबा होते तेव्हा राहिलं, मग गुडघे आले. या सहलीला ती हो म्हणाली ती फक्त एक नंबरच्या लेण्यासाठी. कॉलेजात असताना मी गेलो होतो, तेव्हा आल्यावर तिला सांगितलं होतं की आत शिरल्यावर आधी काही दिसत नाही, पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून तो हळूहळू पुढे येतो. ती गाडीत मला विचारत होती, ‘पाच मिनिटं उभं राहू देतील ना रे मला?’

टी-पॉइंटवर ती खाली उतरलीच नाही. खिडकीतून म्हणाली, ‘असू दे. जावईबापूंना काही बोलू नकोस.’

नाही बोललो तिथे. इथे बोलतो. भावजी, तुम्ही अकरा पॉइंट लिहिलेत, चौदा थाळ्या मोजल्यात, शिट्टी विकत आणलीत, आणि एक वार बघितला नाहीत? सत्तरी उलटलेल्या बाईला दोन दिवसांत सातशेच्या वर किलोमीटर हादरवलंत कशासाठी? ग्रुपवर टिक करण्यासाठी? आणि बाकीचे आपण सगळे, मी धरून, आपल्या हातात फोन नव्हते का? कोणीतरी एकानं रील थांबवून बघितलं असतं तर? नाही बघितलं, कारण ‘भावजींनी केलंय ना सगळं’. दगड फोडणाऱ्यांनी पिढ्या घातल्या हो त्यात. आपल्याला एक जास्तीची रजा टाकता येत नाही? नसेल येत तर एकच ठिकाण बघा, बाकीची दहा सोडा, ती कुठे पळून जात नाहीत. पण बघा तरी! नाहीतर घरी बसा, त्या शिट्ट्या तिथे नका वाजवू.

काल ग्रुपवर नवी शीट आलीय. हंपी, दीड दिवस, अठरा पॉइंट. मी ‘जमणार नाही’ लिहिलं. ताईचा फोन येऊन गेला, रागावलीय.

मी आणि आई येत्या बुधवारी निघतोय. गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी अख्खा दिवस वेरूळ. भाच्याची शाळा बुडेल, पण तो येतोय, त्याला अंगठ्याचं उत्तर हवंय. गाडीत अजून एक जागा रिकामी आहे. ती रिकामीच राहील.