दुःख दाखवायला चेहरा लागतो का?

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोसमोर माइक धरून 'तुम्हाला काय वाटतंय?' विचारणारे व्हिडिओ बर्लिनमध्ये बसूनही चुकत नाहीत. मग घरच्या ग्रुपवर वाद पेटतो. एक म्हणतो, हा तमाशा बंद करा. दुसरा म्हणतो, रडणारा चेहरा दिसल्याशिवाय सरकारला पाझर फुटत नाही. मी पहिल्याच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ.

तिचा मुलगा पेटर 1914 च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. वय 18. सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागत होती. ती द्यायला नवऱ्याचं मन तिनेच वळवलं होतं. या दुःखाला चित्रात आणायला तिला कित्येक वर्षं लागली. 1920 मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट, म्हणजे लाकडावर कोरून छापलेली चित्रं, पाहिले आणि तिला माध्यम सापडलं.

'युद्ध' या सात वुडकटच्या मालिकेतलं 'आईवडील' बघा. दोघं गुडघ्यांवर. त्याने एका हाताने तोंड झाकलंय, ती त्याच्या अंगावर पार वाकून गेली आहे. दोघांचेही चेहरे दिसत नाहीत. वुडकटमध्ये जेवढं कोरून काढाल तेवढं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं. तिने कोरलंय अगदी थोडं: हात, कपड्यांच्या काही चुण्या. बाकी दोन शरीरांचा एकच काळा ढिगारा. कोणाची पाठ कुठे संपते तेही कळत नाही. कंबर खचणं म्हणजे काय, ते त्या वाकलेल्या पाठीत दिसतं. असं चित्र पाहताना आपण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मोजत बसत नाही. आपलीच पाठ आखडते.

दुसऱ्या बाजूलाही तिच्याकडूनच आधार मिळेल, हे मान्य. 'जर्मनीची मुलं उपाशी आहेत' या तिच्या पोस्टरवर वाडगे पुढे केलेल्या पोरांचे डोळे आशेने वर लागलेले आहेत. मदत मागायला तिने चेहरे वापरले. पण ती पोरं कुठल्या गावची, कोणाची, हे त्या पोस्टरवरून कोणी ओळखू शकत नव्हतं. आपल्याकडच्या त्या बाईचं नाव, गाव, रडणं सगळं मोबाइलवर कायमचं राहतं. उद्या तिची मुलगी शाळेत जाते तेव्हाही.

कॅमेरा मागे घ्या. उंबऱ्याशी गुडघ्यात मान घालून बसलेली बाई दुरून, पाठमोरी दाखवली तरी बघणाऱ्याला पुरेसं कळतं. आणि कर्ज किती होतं, पीकविमा का नाही मिळाला, हे विचारायचंच असेल तर माइक बँकेत आणि विमा कंपनीत न्या.